बाबूंचं घुंगरू

सौंसरजवळ माझ्या संत्र्याच्या बागेला लागून सरकारी मासळीचं टाकं होतं आणि त्यावर एक बाबू होते. मासे किती पोहतात, पाणी किती हलतं, हे मोजायची त्यांची नोकरी. वाकून पाहणं मात्र त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. म्हणून त्यांनी पाण्यावर एक बूच सोडलं होतं आणि त्याचा दोरा वर काठीला टांगलेल्या बैलाच्या घुंगराला बांधला होता. स्वतः खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसायचे.

"घुंगरू वाजून राहिलं ना भाऊ? म्हणजे मासे पोहून राहिले. आज तर लईच पोहून राहिले!"

एका दुपारी ते असं म्हणाले आणि लाइट गेली. टाक्यात पाणी सोडणारा पंप थांबला, त्याची धार तुटली, घुंगरूही गप्प झालं. मी वाकून पाहिलं, तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. कधीचेच मेलेले.

"बाबूजी, हे तर मेले!"

"लाइट तर येऊ द्या," ते शांतपणे म्हणाले.

लाइट आली, पाठोपाठ टाक्याच्या तपासणीला साहेबांची जीपही आली. धार सुटली, मेलेले मासे गोल फिरू लागले आणि घुंगरू जोरात वाजू लागलं. बाबूंनी दुसरी खुर्ची पुढे केली. साहेब बसले आणि त्यांनीही डोळे मिटले.