काढता-घालता येणारा स्पीडब्रेकर

माझं काम लोकांना विचारण्याचं आहे. गल्लीत सायकलसाठी पट्टा आखला तर चालेल का, मुलं कुठे खेळतात, कुठून रस्ता ओलांडताना छाती धडधडते, असं विचारत फिरायचं, नकाशावर खुणा करायच्या आणि मग अहवाल लिहायचा. वीसेक वर्षं हेच करते आहे. सवय इतकी जडली आहे की लग्नाच्या हॉलबाहेर उभी असले तरी मी मनातल्या मनात गाड्या मोजत असते. नवरा म्हणतो, तुला रस्ता दिसतच नाही, सगळीकडे नुसते अपघात दिसतात. त्याचं खरं आहे. मी मुळातच घाबरट आहे, आणि घाबरण्याचा पगार मिळतो म्हणून इतकी वर्षं टिकले.

लालबागमधली, करी रोडजवळची आमची गल्ली आमच्या ऑफिसच्या कामात आली, तेव्हा मी साहेबांना सांगायला हवं होतं की हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी जन्मले ती चाळ त्याच गल्लीत आहे आणि आई अजून तिथेच राहते. मी सांगितलं नाही. ते काम मला हवंच होतं, आणि ते आईसाठी हवं होतं.

आमच्या चाळीच्या बरोबर समोर दुसरी चाळ आहे. तिथे पहिल्या मजल्यावर आईची मैत्रीण राहते. आम्ही तिला समोरची मावशी म्हणतो. तिचा नवरा आणि माझे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. दोघंही आता नाहीत. मावशीचं घर बौद्ध, आमचं कोकणातलं. बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडून आमच्याकडे यायची आणि गणपतीचे मोदक आमच्याकडून तिकडे जायचे. मावशीचे गुडघे कामातून गेले, तेव्हापासून ती खाली उतरत नाही. मग आईच रोज चार वाजता स्टीलच्या डब्यात पेज नाहीतर कुळथाची पिठी घेऊन तिच्याकडे जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची.

पुढे गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले आणि सिग्नल चुकवणाऱ्या गाड्यांना आमची गल्ली सापडली. एकदा एक गाडी आईच्या पदराला घासून गेली आणि त्या दिवसापासून तिचं जाणं बंद झालं. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून ओरडून बोलायच्या. हॉर्नमध्ये काही ऐकू येईना, तेव्हा नुसते हातवारे करायच्या. मध्ये तीस पावलांचा रस्ता. मी माहेरी गेले की ते हातवारे मला बघवत नसत.

तर, सभा. गल्लीतल्या गणपती मंडळाच्या हॉलमध्ये जमिनीवर गल्लीचा मोठा नकाशा अंथरला होता. लोकांनी जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका चिकटवायचा, अशी आमची पद्धत. ऑफिसातून आणलेले ठिपके अर्ध्या तासात संपले. तेव्हा मी समोरच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली आणि मग बायकांना खरा जोर चढला. आई काठी टेकत पुढे आली आणि चाळीच्या दारासमोर तिने एक टिकली चिकटवली. मी तिला ओळखत नसल्यासारखा चेहरा करून दुसरीकडे बघत राहिले.

सायकलचा पट्टा पहिल्या पंधरा मिनिटांतच गेला. "इकडे सायकल चालवतो कोण?" असं एकाने विचारलं आणि त्याच वेळी पाववाला घंटी वाजवत दारावरून गेला. सगळा हॉल हसला. पण पट्टा आखायचा तर उभ्या बाइक हलवाव्या लागणार होत्या, त्यामुळे हसून झाल्यावर सगळ्यांनी नाहीच म्हटलं. पाववाला तिथला रहिवासी नव्हता, त्याला सभेचं बोलावणंही नव्हतं. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी नाही भांडले. सगळा जोर मी चाळीच्या दारासमोरच्या क्रॉसिंगसाठी राखून ठेवला होता, हे मी आज कबूल करते.

आमच्या आराखड्यात ते क्रॉसिंग फुटपाथाच्या उंचीचं होतं, पक्क्या काँक्रीटचं. मंडळाचे सेक्रेटरी उठले. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, याच चाळीत वाढलेले.

"ताई, मूर्ती केवढी असते तुला सांगायला नको. ट्रॉलीचं चाक एवढं जरी वर चढलं ना, वर मुकुट हातभर हलतो. कायतरी झालं तर?"

ते एवढंच बोलले. मूर्तीला तडा, हा विचारसुद्धा आमच्याकडे तोंडातून काढत नाहीत. मी इंजिनीअर असले तरी त्याच मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडत मोठी झाले आहे.

तोडगा मीच सुचवला. काँक्रीट नको, बोल्टने बसवायचे रबरी स्पीडब्रेकर घालू आणि मध्ये पांढरे पट्टे मारू. आगमनाच्या आदल्या दिवशी ते काढायचे, विसर्जनानंतर परत बसवायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाला आपली अडचण कळते, असं कुणीतरी म्हणालं आणि मी सुखावले. त्याच भरात मी अहवालात लिहिलं: "स्पीडब्रेकर काढलेले असतील त्या काळात मंडपामुळे रस्ता वाहनांसाठी बंद राहील, सबब पादचाऱ्यांना धोका नाही."

हे वाक्य मी आता पाठ म्हणू शकते.

माझ्या लहानपणी मूर्ती गल्लीतच घडायची. मंडप भर रस्त्यात असायचा आणि महिना-दीड महिना गाडी आत यायची नाही. आम्ही मुली डांबरावर खडूने घरं आखून लंगडी खेळायचो. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता होता. आता मंडप शेजारच्या मैदानात असतो. मूर्ती परळच्या कारखान्यातून येते, तीही चतुर्थीच्या तीन आठवडे आधी, एखाद्या रविवारी. आणि ती आत गेली की रस्ता मोकळा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आगमनाचे व्हिडिओ मी मोबाइलवर दरवर्षी बघते, पुढे पाठवते. पण अहवाल लिहिणारा हात लहानपणीच्या गल्लीत होता. ऑफिसात तिघांनी तो अहवाल तपासला. त्यातला एकही लालबागचा नव्हता.

स्पीडब्रेकर बसले. पिवळेकाळे, चांगले जाड. गाड्या खरोखर हळू झाल्या, पण आई काही ओलांडेना. फुटपाथच्या कडेला उभी राहायची, इकडे बघ, तिकडे बघ आणि पुन्हा जिना चढून वर. शेवटी मी चार दिवस रजा काढली आणि तिला शिकवलं.

"अशी बघत राहू नकोस गं. तू बघत राहिलीस की त्यांना वाटतं तू थांबणार आहेस. हात दाखवायचा आणि सरळ चालायचं. इथे गाडी हळू होतेच."

"नक्की?"

"आई, मी बसवलाय तो."

तेव्हा मी हसत बोलले होते. पाचव्या दिवशी ती एकटी गेली. मावशीच्या फोनवरून तिने मला फोन केला. दोघी एकदम बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा कुणाला असा उपयोग झालेला मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मग तो सोमवार आला. मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानांसमोर उभी राहून सायकली मोजत होते. चारला पंचवीस मिनिटं असताना सेक्रेटरींचा फोन आला, खास आभार मानायला.

"ताई, एक नंबर काम! काल बाप्पा आले, जरापण धक्का नाय लागला. तुझे थँक्स मानायचे होते."

"वा. रस्ता कधीपर्यंत बंद आहे?"

"बंद कुठे? चालू आहे ना, सकाळपासून."

"आणि स्पीडब्रेकर?"

"ते आता विसर्जन झालं की. ठरलंय ना तसं?"

मोजणीचा तक्ता मी पिशवीत कोंबला. सेक्रेटरी तेव्हा फोर्टात, स्वतःच्या ऑफिसात होते. ते पोचणं शक्य नव्हतं. आईला फोन लावला. तिचा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला लावलेला असतो आणि बाहेर जाताना ती तो कधीच नेत नाही. शेजारच्या काकूंना लावला, नुसती रिंग वाजत राहिली. मावशीचा फोन सारखा बिझी लागत होता. मी टॅक्सीत बसले आणि पुन्हा आईला लावला. चारला वीस. आज तिला झोप लागलेली असू दे. आज पाहुणे आलेले असू देत. आज तिचे गुडघे दुखू देत. स्वतःच्या आईचे गुडघे दुखावेत म्हणून मी टॅक्सीत हात जोडले.

परळच्या सिग्नलला टॅक्सी अडकली ती हलेचना. मी पैसे दिले आणि पळत सुटले. पन्नाशीची बाई, गळ्यात ऑफिसचं कार्ड, पायात चपला. लोक बाजूला होऊन बघत होते. मी काकूंना पुन्हा लावत होते, पुन्हा रिंग. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती.

आधी मला डांबरातली बोल्टची भोकं दिसली, ओळीने. मग गटाराशी लवंडलेला स्टीलचा डबा आणि रस्त्यावर सांडलेली पेज. आई चाळीच्या पायरीवर बसली होती. डावं मनगट उजव्या हातात धरलेलं, चेहरा पांढराफटक. एक स्कूटरवाला हेल्मेट हातात घेऊन उभा होता आणि चार माणसं त्याला झापत होती. "आजी एकदम आल्या हो, त्यांनी बघितलंच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"तेका कित्याक ओरडतास?" आई लोकांना म्हणाली. "तेची चूक नाय."

मग तिला मी दिसले.

"मी हात दाखवलंय गो," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसाच केलंय. बघूक नाय."

तक्रार म्हणून नव्हे. धडा चुकला नाही, हे तिला मला सांगायचं होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. एवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. मी मान हलवत राहिले. पण हॉस्पिटलात जो भेटेल त्याला, एक्स-रे काढणाऱ्याला, प्लास्टर घालणाऱ्या नर्सला, आई कौतुकाने सांगत होती, "माझी मुलगी रस्त्यांची इंजिनेर आसा. तिनाच माका शिकवल्यान." मी बाजूला तिची पिशवी धरून उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले.

"मी ते वाचलं होतं, ताई. रस्ता बंद राहील, ते. मंडळातर्फे सही करताना जरा खटकलं पण. मग वाटलं, तू लिहिलंस म्हणजे बघूनच लिहिलं असशील. तू इथलीच ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पाने-पकडी घेऊन स्पीडब्रेकर बसवले. विसर्जनाला काढले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसवले. सेक्रेटरींनी मला दोन्ही वेळा फोटो पाठवले. ऑफिसात मी साहेबांना जाऊन चूक सांगितली. ते म्हणाले, एवढं काय, वाक्य बदलून टाक. मी बदललं.

आईचं प्लास्टर निघालं. आता मी दर शनिवारी जाते आणि चार वाजता आम्ही दोघी डबा घेऊन खाली उतरतो. बाकीचे सहा दिवस मावशी तिकडून आणि आई इकडून हातवारे करतात. खाली आलो की आई फुटपाथच्या कडेला थांबते. स्पीडब्रेकर समोर असतो, पिवळाकाळा, चार पावलांवर. तिचे डोळे चांगले आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला तो स्वच्छ दिसतो. तरी ती त्याच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.

"आज आसा मां गो तो?"

"आहे, आई."

मग मी तिचा हात धरते आणि उजवीकडे बघते, डावीकडे बघते, पुन्हा उजवीकडे बघते. आणि तरीही गाडी पूर्ण थांबेपर्यंत मी तिला पाऊल उचलू देत नाही.