भिंतीकडे तोंड करणारा भीमण्णा

२६ जुलै २०१०, सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी भीमण्णाला बेइमान ठरवले.

गाणगापुरातील माझे यात्री लॉज तो सांभाळी. करजगीच्या मेंढपाळ घरातला, चाळिशी उलटलेला, संगणक स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. समोरचा माणूस पासवर्ड टाईप करू लागला की तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राही. यात्रेकरू हसत. तो म्हणे, "डोळ्यानं बघितलेलं पोटात ठिवावं लागतंय. माझं पोट ल्हान हाय."

त्या वर्षी मी लॉजचे सगळे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवायला लावले. तो उघडणारा मुख्य शब्द मीच निवडला : दिगंबरा. गावातले प्रत्येक काम दत्ताच्या नावाने सुरू होते. हेही व्हावे, एवढाच विचार. भीमण्णाला तो पटला नाही. "अप्पा, ह्यो बदला. हितं झोपेत बी मान्सं ह्योच शब्द बोलत्यात." देवाच्या नावाला हरकत घेतो म्हणून मी त्याला गप्प बसवले.

गुरुपौर्णिमेला सतरा खोल्या रिकाम्या राहिल्या. जागा नाही, अमुक लॉजवर जा, असा निरोप आमच्याच मेलवरून यात्रेकरूंना गेला होता. मुख्य शब्द आम्हा दोघांनाच ठाऊक. मी चौकशी केली नाही. मेंढरांमागून आणून खुर्चीत बसवले त्याचे हे फळ, असेही बोललो.

तो एवढेच म्हणाला, "बदला म्हनून मीच म्हनलो व्हतो की, अप्पा."

दोन महिन्यांनी त्या दुसऱ्या लॉजला गिऱ्हाईक पुरवणारा एक एजंट पकडला गेला. रेल्वेचे तिकीट पाहण्याच्या निमित्ताने तो आमच्या संगणकावर बसला होता. पोलीस ठाण्यात तो मला म्हणाला, "गाणगापुरात पयला कोनता शब्द टाकून बघायचा, हे काय शिकावं लागतंय?"

तोवर भीमण्णा कुटुंबासह पुण्याला गेला होता. तिथे रखवालदारी करतो असे कळले. पत्ता मिळाला होता. मी पत्र लिहिले नाही. नंतर तो वारल्याचे कळले.

त्या सोमवारचे एक सांगायचे राहिले. जाण्यापूर्वी त्याने मला संगणकासमोर बसवले आणि नवा शब्द घालायला सांगितले. "मला कळाया नगं," म्हणत तो भिंतीकडे वळला. झाले का, असे त्याने पाठमोऱ्यानेच विचारले. मी हो म्हटल्यावर त्याने संगणकावर कापड घातले, खोल्यांच्या किल्ल्या नंबरवार खिळ्यांना अडकवल्या आणि दार ओढून घेतले.