हनुवटीखालचा पट्टा

त्या रविवारी बाबांनी माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढला नाही. हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण आमच्या नात्यात ही काही लहानसहान घटना नव्हती. बाबा म्हणजे माझे सासरे, चिटणीस. दिल्लीत मयूर विहारमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून मी निघालो की ते दारापर्यंत यायचे, मी हेल्मेटचा पट्टा लावला की त्यात दोन बोटं अडकवून दोनदा हिसका द्यायचे, 'हं' म्हणायचे, आणि मगच दाराची कडी काढायचे. लग्न झाल्यापासून हे असंच चालू होतं. त्या रविवारी मी सवयीनं हनुवटी वर केली, तर ते चौकटीला टेकून नुसते उभे. "निघा," म्हणाले. मला ते खटकलं. त्याआधी जॅकेट चढवताना माझा हात बाहीत अडकला होता, कारण बाही उलटी झालेली होती. म्हणजे मी जेवण करून हात धुवायला गेलो तेवढ्यात दारामागच्या खुंटीवरून जॅकेट काढून त्यांनी त्याची झडती घेतली होती. झडती घ्यायची आणि पट्टा मात्र सोडून द्यायचा, याचा अर्थ काय? रुसले? माझं काही बोलणं लागलं? की बोटांत जोर उरला नव्हता? जिना उतरताना मी सगळे तर्क करून पाहिले. खाली गेटपाशी गाडी थांबवून, आयुष्यात पहिल्यांदाच, मी स्वतःच तो पट्टा दोनदा ओढून बघितला आणि वर पाहिलं. मी वळेपर्यंत बाबा गॅलरीत उभे असायचेच. त्या दिवशी गॅलरी रिकामी होती…

त्याच आठवड्यात मुग्धाचा, माझ्या बायकोचा, ऑफिसात फोन आला. "बाबा…" एवढंच म्हणाली. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले होते, तसेच गेले. धावपळीत, माणसांच्या ये-जा करण्यात दिवस कसे निघून गेले कळलं नाही. पण मला मधूनच तो न ओढलेला पट्टा आठवायचा. या माणसानं एवढ्या वर्षांत माझ्यावर एकदा तरी विश्वास टाकला होता का, हा माझा जुना प्रश्न होता. आता त्याचं उत्तर देणारा माणूसच उरला नव्हता.

नोकरीसाठी पुणं सोडून मी गुडगावात आलो तेव्हा त्या गावाचं गुरुग्राम व्हायला अजून बराच अवकाश होता. सरसोंच्या शेतात काचेचे टॉवर उभे राहत होते, रस्ते कागदावर आधी आणि जमिनीवर मागाहून येत होते. बाजार उघडला होता. कालपर्यंत जे फक्त परदेशातल्या काकाच्या बॅगेतून यायचं ते आता दुकानात टांगलेलं दिसायचं. पहिल्या पगारात मी मोटारसायकलचा हप्ता भरला, आणि थंडी पडल्यावर काळं लेदर जॅकेट घेतलं. तिरकी चेन, चंदेरी बटणं, पाठीवर पंख पसरलेला गरुड. हेल्मेटही घ्यावं लागलं, पण पुण्याचा माणूस हेल्मेट घालतो ते पोलिसासाठी, डोक्यासाठी नव्हे. मी ते बहुधा कोपरात अडकवून हिंडायचो.

मुग्धाची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. जन्म दिल्लीचा, वाढली दिल्लीत, त्यामुळे मराठी बोलताना दर चार शब्दांनंतर ती 'यार' म्हणायची. ओळख वाढल्यावर तिनं मला घरी चहाला बोलावलं, म्हणजे खरं तर दाखवायला. दार बाबांनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जॅकेटकडे पाहिलं.

"काढा," म्हणाले.

मला वाटलं, आत उकडतंय म्हणून म्हणतायत. मी काढून दिलं, तर ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली पसरलं आणि सशाला सोलावं तसं आतून बाहेर केलं. बगलेतली शिवण दोन्ही हातांनी ताणली. खांद्यावर अंगठा दाबला.

"कुठून घेतलंत?"

"करोल बागेतून. इम्पोर्टेड आहे, काका."

"कोण म्हणतं?"

"दुकानदार…"

"हं. पडलात तर हे तुमच्या आधी उसवेल. नुसतं अस्तर आणि हवा आहे यात."

"अस्तर म्हणजे काय, बाबा?" मुग्धानं विचारलं. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"पण मी पडणारच नाही ना, काका," मी हसून म्हणालो.

"हे कोण म्हणतं?"

बाबा गुडगावच्या पुढे मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. पहाटे कंपनीच्या बसनं निघायचं, दिवसभर माल नाकारायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांच्या अनुभवात भेग गेलेला भाग कधी उघडा यायचा नाही, त्यावर सुरेख रंग चढवून यायचा. त्यामुळे सुरेख काही दिसलं की त्यांना आधी भेगच दिसायची. नव्या बाजारातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा राग होता, आणि ज्या वस्तूवर परदेशी नाव जितकं ठळक तितका तो जास्त. नाव शिवायला काय लागतं, सुई-दोराच ना, असं म्हणायचे. मी बरा दिसायचो, केस वळवायचो, पाठीवर गरुड होता. माझ्याविरुद्ध एवढा पुरावा त्यांना पुरेसा होता.

नाही म्हणाले नाहीत, पण हो सुद्धा म्हणेनात. मुग्धा माझ्या गाडीवर बसायची असेल तर तिला हेल्मेट हवं, ते मी आणायचं नाही, मी निवडायचं नाही, आपण तिघांनी जायचं, एवढं एक कलम त्यांनी काढलं. गेलो करोल बागेत. त्या काळी दिल्लीत मागे बसणाऱ्या बायकांना हेल्मेटची सक्ती नव्हती, आणि दुकानदारानं ते लगेच सांगितलं.

"अंकल, लेडीज़ के लिए तो ज़रूरी ही नहीं है."

"क्यों? लेडीज़ का सिर रबर का होता है क्या?"

मुग्धाला एक लाल हेल्मेट आवडलं. खरंच देखणं होतं. बाजूनं पांढरी रेघ, समोर धुरकट काच, घातल्यावर ती एकदम कुणीतरी वेगळीच दिसायला लागली. बाबांनी ते हातातही घेतलं नाही. "फार छान आहे," म्हणाले, आणि हा त्यांच्याकडून नकार होता. मग तासभर खाली-वर करून त्यांनी एक तपकिरी हेल्मेट निवडलं. जड, खडबडीत, कुठे चमक नाही. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मटका दिसतोय यार! हे घालून मी ऑफिसला कशी जाऊ?" बाबा म्हणाले, "ज्याला दिसायची हौस नाही तो खोटं बोलत नाही."

मटका घरी आला, चपलांच्या कपाटावर ठेवला गेला, आणि आठवडाभरात मुग्धाचा धक्का लागून खाली पडला. कमरेएवढ्या उंचीवरून, साध्या फरशीवर. त्याला या कानापासून त्या कानापर्यंत तडा गेला. मी तिथेच होतो. हसू दाबताना माझ्या नाकी नऊ आले, पण बाबांचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप जिरलं. त्यांनी ते हेल्मेट मांडीवर घेतलं आणि तड्यावरून बोट फिरवलं. "यात बसणार होती ती," म्हणाले. "कुरूप आहे म्हणून मी विश्वास ठेवला." ती संध्याकाळ मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच करोल बागेत गेले आणि लाल हेल्मेट घेऊन आले. दाबून, ओढून, आतून कसं बनलंय ते सगळं तपासून. लग्नाची बोलणीही त्यानंतरच पुढे सरकली. पण माझ्याबद्दलचा संशय फिटला असं मला वाटलं नाही. दिसण्यावरून नाकारायचं नाही एवढंच त्यांचं ठरलं होतं. दिसण्यावरून स्वीकारायचं नाही हे कलम शाबूत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा जेवून निघालो तेव्हा दारात पहिला हिसका बसला.

तो पट्टा मला गळ्याशी काचायचा. म्हणून खाली गेटपाशी मी तो हळूच सैल करायचो. दोन-तीन रविवार निभावले, आणि मग एकदा वरून गर्जना आली, "पट्टा!" गॅलरीत बाबा. चौकीदार, भाजीवाला, पहिल्या मजल्यावरच्या मिसेस खन्ना, सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला, पण बाबा गॅलरीत यायचे ते येतच राहिले.

आणि मग मी पडलोच. गुडगावात कुठल्याशा नव्या टॉवरची वाळू रस्त्यावर पसरली होती, तिच्यावरून गाडी घसरली. सुदैवानं मी एकटा होतो. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण गरुडवालं जॅकेट पहिल्याच फरफटीत खांद्यापासून उसवलं आणि कोपर सोलवटून निघालं. बाबा मानेसरहून थेट दवाखान्यात आले, आणि खाटेशी उभं राहून त्यांनी विचारलं काय, तर "जॅकेट कुठंय?" मी मनातून इतका दुखावलो की भिंतीकडे तोंड केलं. चिंध्या झालेलं ते जॅकेट ते पिशवीत घालून घेऊन गेले. आता याचा पंचनामा करून मला ऐकवणार, अशी माझी खात्रीच होती. तसं काही झालं नाही. मी बरा झाल्यावर म्हणाले, "चला."

तोवर बाजारात मोटारसायकल चालवणाऱ्यांची खास जॅकेटं यायला लागली होती. खांद्यात आणि कोपरात आतल्या खिशात बसवलेले जाड पॅड, उन्हाळ्यासाठी छातीवर जाळी, आणि वरून दिसायला असं की मॉलमध्ये घालून गेलं तरी लाज वाटू नये. बाबांनी एक राखाडी जॅकेट उचललं, कोपरातला पॅड बाहेर काढला, वाकवला, त्यावर बसले, आणि शेवटी तो परत घालून जॅकेटची बाही दाणकन काउंटरवर आपटली.

"अंकल, खरीदना है या तोड़ना है?"

"पहले तोड़ेंगे. बच गया तो खरीदेंगे."

वाचलं. मग मला ते घालायला लावून लांबून बघितलं, मागे फिरवलं, पुन्हा बघितलं. "बरं दिसतंय," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे कौतुक मी एवढं एकदाच ऐकलं, आणि तेही मला शंकाच आली की ते जॅकेटचं होतं.

या सगळ्याचा अर्थ मी सरळ लावला होता. हे सगळं मुग्धासाठी. मी म्हणजे त्यांच्या मुलीला नेणारा ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर धड राहिला पाहिजे. पुढे आमच्याकडे कार आली, मुग्धा मोटारसायकलवर बसेनाशी झाली, रविवारी मी हौसेनं एकटाच मोटारसायकल काढायचो आणि ती मागून आमच्या लेकीला घेऊन कारनं यायची. तरी दारातला हिसका चालूच. मग हे कशासाठी? सवय म्हणून? मुलगी विधवा व्हायला नको म्हणून? मुग्धाला विचारलं तर म्हणाली, "अरे, बाबांना तुझ्यावर डाउट नाहीये, वस्तूवर आहे." मला हे पटलं नाही. बापाची बाजू ती घेणारच.

चौदाव्याचं आटोपलं, पाहुणे गेले, आणि दुपारी मी आणि आई, म्हणजे सासूबाई, दोघंच स्वयंपाकघरात होतो. मी धीर करून विचारलं, त्या रविवारी बाबांची तब्येत बरी नव्हती का? पट्टा ओढला नाही, गॅलरीतही आले नाहीत…

"बरी होती की," आई म्हणाल्या. "मीच त्यांना विचारलं, आज गॅलरीत नाही जायचं? तर म्हणाले, कशाला? नीट जाईल तो. चहा टाक."

मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, कारण आईंचा स्वभाव मला ठाऊक आहे. तेराही दिवस त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की तुमची फार आठवण काढायचे. ज्यांचं नाव काढलं की बाबा उठून जायचे त्यांनासुद्धा सांगितलं. माझंही समाधान केलं असणार. मी 'हं' म्हणालो, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की हा 'हं' माझा नाही.

आई कप विसळत होत्या. विसळता विसळता म्हणाल्या, "आणखी काहीतरी म्हणाले बाई. कोपरातलं नवं घातलंय त्यानं, कुणी न सांगता. आता काय बघायचं? … कोपरातलं म्हणजे काय रे पराग? मला काही कळलंच नाही. म्हटलं, म्हातारपणी काहीतरी बडबडतायत."

जॅकेटच्या कोपरातले जुने पॅड कडक होऊन तडकले होते. त्या रविवारच्या आधी मी नवे मागवले, ऑफिसातच बसून घातले, आणि कुणालाही सांगितलं नाही. मुग्धाला तर मुळीच नाही, कारण लगेच 'ती बाइक विकून टाक' सुरू झालं असतं. हे जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि ज्यानं माझी बाही उलटी करून आत हात घातला त्याला. आईंना हे बनवून सांगता आलं नसतं. त्यांना तर त्याचा अर्थही माहीत नव्हता.

मी खाली गेटपाशी थांबून पट्टा ओढत होतो, नेमकं तेव्हा हा माणूस वर बसून चहा मागत होता. बघायची गरज नाही म्हणून बघत नव्हता. आणि मी मान वर करून रिकाम्या गॅलरीवर चिडत होतो. आईंसमोर रडू आलं. त्यांना वाटलं, मला बाबांची आठवण झाली.

गेल्या रविवारी जेवून निघालो. जॅकेट घातलं, बाही सरळ होती. पट्टा लावला, आणि दारात गेल्यावर हनुवटी आपोआप वर झाली. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. आई पदराला हात पुसत आतून आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनी पट्ट्यात दोन बोटं घालून तो ओढला. अगदी हलकेच, लहान मुलाची कुंची नीट करावी तसा. त्यानं पट्टा घट्ट आहे की नाही, कुठलं कळायला! मी त्यांच्या पाया पडलो, जिना उतरलो, आणि गेटपाशी थांबून तो पुन्हा दोनदा नीट ओढून बघितला.