माझ्या नंबरवरून गेलेला फोन

चाकणच्या एका कंपनीत मी बारा वर्षं क्वालिटीत आहे. जे गेजने मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, हा आमचा धंदाच. कँटीनमध्ये भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. म्हणून हे लिहायला दोन वर्षं गेली... अजूनही नक्की लिहावं की नाही कळत नाहीये.

रहाटणीत आमचं छोटं रो-हाउस आहे. मी आणि बायको स्वाती. पुढच्या पोर्चमध्ये मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल दुरुस्त करायला घेतली होती. चिखलीतल्या एका भंगारवाल्याकडून आणलेली. कागद सोलापूरच्या कुणाच्या तरी नावावर होते. त्यानंतर ती कुणाकुणाकडे फिरली, हे भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं. पिस्टन जाम, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत पाच महिने गेले. मला ती रेसरसारखी, एकट्यापुरती करायची होती. म्हणून मागची लांब सीट काढली, फ्रेमचं शेपूट ग्राइंडरने कापलं आणि एकाच माणसाची छोटी सीट बसवली.

जानेवारीतला रविवार. सकाळी अकराच्या सुमारास, पंधराएक किकनंतर इंजिन सुरू झालं. पोर्चभर निळा धूर. स्वातीचा फोन चार्जिंगला होता, म्हणून ती माझ्याच फोनवर व्हिडिओ काढत होती. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे — अकरा वाजून आठ मिनिटांनी सुरू होतो, चार मिनिटांचा आहे.

दुपारी अडीचला गेटशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता त्या गाडीकडे बघत होत्या.

"संदीप कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, इथे कुणी संदीप राहत नाही. त्या जराही गोंधळल्या नाहीत.

"सकाळी त्याचाच फोन आला व्हता. म्हणला, आई, गाडी सुरू झाली, ये."

पत्ताही त्यानेच सांगितला म्हणे. रहाटणी, पिठाच्या गिरणीमागची गल्ली, काळं गेट. त्या तळेगाव दाभाड्याहून लोकलने चिंचवडला उतरून, पुढे विचारत विचारत रिक्षाने आल्या होत्या.

स्वातीने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. घर चुकलं असेल असं समजून मी त्यांच्या घरच्यांचा नंबर मागितला. त्यांनी आपला बटनांचा फोनच माझ्या हातात दिला. त्यात 'मालक' नावाने यजमानांचा नंबर होता. मी फोन लावून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "साहेब, संदीप जाऊन तीन वर्षं झाली. तिला बसवून ठेवा. मी येतो."

फोन परत देण्याआधी मी सहज आलेले कॉल बघितले. त्या दिवशीचा एकच होता. अकरा वाजून नऊ मिनिटांनी. आणि नंबर... माझा.

मी माझा फोन काढून तपासला. माझ्याकडे तसा कॉलच नव्हता. असणार तरी कसा? त्या वेळी फोन स्वातीच्या हातात होता, व्हिडिओ चालू होता.

तोवर बाई उठून पोर्चमध्ये गेल्या होत्या. गाडीच्या मागच्या कापलेल्या टोकावर त्यांनी हात ठेवला.

"मागची सीट कुठं गेली?"

मी सांगितलं, काढून टाकली. मग त्या हळूहळू बोलल्या. ही गाडी संदीपने बंद अवस्थेतच आणली होती. सुरू झाली की पहिल्यांदा तुलाच मागे बसवणार, कामशेतच्या पुढं तुझ्या माहेरी नेणार, असं तो म्हणायचा. गाडी सुरू झालीच नाही. एकोणतिसाव्या वर्षी, कंपनीत मशीनवर उभा असतानाच त्याचं हृदय बंद पडलं.

"असू दे," त्या मला म्हणाल्या. मलाच. स्वाती तोंड फिरवून आत गेली.

चारच्या सुमारास बाईंचे यजमान, म्हणजे काका, आले. रिटायर्ड फिटर, उंच, वाकलेले. गाडी दिसली तसे ते गेटबाहेरच थांबले. पाऊल पुढे टाकेनात. बाईंनी वळून बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अवं, आत या. उन्हात उभं राहू नका."

काका गेटची कडी धरून रडायला लागले. मला वाटलं, गाडीमुळे. नंतर त्यांनीच सांगितलं. संदीप गेल्यावर दोन महिन्यांनी, बायकोला न विचारता, त्यांनी गाडी भंगारात दिली होती. रोज दारात ती दिसली की पोरगं दिसायचं, बघवत नव्हतं. त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आणि बाईंनी स्वातीला सांगितलं, सकाळच्या त्या फोनवर संदीप शेवटी एवढंच म्हणाला होता — बाबांशी बोल.

काका गाडीपाशी बसले, ब्रेक पेडलची पिन बोटांनी चाचपली. "ही मी केलीय. लेथवर," म्हणाले. मला ती पिन आठवत होती. सगळी गाडी गंजलेली असताना तेवढी एकच इतकी नेटकी होती की मी ती बदलली नव्हती.

मी गाडी स्टँडवर लावून सुरू केली. काकांनी आणि मी बाईंना त्या एकट्याच्या सीटवर बसवलं. दोन्ही तळवे टाकीवर ठेवून त्या थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या, बंद करा आता. मी म्हणालो, गाडी तुम्ही घेऊन जा, मी मागची फ्रेम पुन्हा वेल्ड करून लांब सीट बसवून देतो. त्या नको म्हणाल्या. "त्याला सुरू करायची व्हती. झाली."

नंतर मी पुष्कळ चौकशी केली. एक आयटीतला मित्र म्हणाला, दुसऱ्याचा नंबर दाखवून कॉल करता येतो. येत असेलही. पण करणार कोण? ती गाडी आमच्याकडे आहे हे तळेगावात कुणाला माहीत होतं? आणि आई आपल्या मुलाचा आवाज चुकेल का?

त्या दिवशी निघताना काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला न्हाई केला त्यानं फोन." मग म्हणाले, "साहेब, तुमचा नंबर बदलू नका."

अधूनमधून, रविवारी, त्यांचा फोन येतो. मी हॅलो म्हणतो. आवाज माझाच आहे, एवढं ते ऐकून घेतात. मग, "सहज केला व्हता," एवढं म्हणून ते ठेवतात.

हल्ली त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की मी फोन उचलतो... आणि हॅलो म्हणायला जरा उशीर करतो.