कोरा अंगठा

फोनच्या काचेवर अंगठा टेकवला की काच थरथरते आणि लिहून येतं, पुन्हा प्रयत्न करा. माझी नात रेखा शेजारी बसून बघत होती. मोबाइलची ॲपं बनवायला शिकतेय ती. आजवर व्हिडिओत दाखवतात तेच बनवलं. हे पहिलंच तिच्या मनचं, माझ्यासाठी. मागं मी मोरीत पडलो, आणि ती कामावरून येईपर्यंत तिथंच पडून होतो. आता अंगठा टेकवला की तिला फोन जाणार.

जातो कुठं? जन्मभर गवंडीकाम केलं. चुन्यासिमेंटनं अंगठ्याच्या रेषा खाल्ल्या. गावातल्या भिंती उभ्या आहेत आणि घरातला फोन मला ओळखत नाही. माणूस असाच झिजून कोरा होत असावा, कुणाला न कळता.

"आबा, तुमचा हात माझ्या ध्यानातच आला नाही," रेखा म्हणाली. "आता पुढं काय करू?"

"पाड. शिकाऊची पहिली भिंत आम्ही पाडायचोच. दुसरी राहणाऱ्याकडं बघून बांध."

"आणि तोवर पडलात तर?"

"नाही पडत."

"हट्टी म्हातारा!" म्हणत तिनं सगळं पुसलं नि नव्यानं मांडायला बसली. सकाळी कामावर जाताना बजावलं, खुर्चीतून उठायचं नाही.

दार लागलं. मी उठलो. मोरीकडं जाणारी भिंत मीच बांधलेली, तिला धरून निघालो. मध्ये दारापुरती जागा सोडलीय, तीही मीच. तिथं धरायला काही नाही.