खिशाखालचा निळा डाग

गुडगावात नव्या इमारती उठत होत्या, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका रंगवाल्याचं भुकटीच्या रंगांचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाकडे न बघता तो रंग अंगठ्याच्या नखावर घासायचा, उन्हात धरायचा आणि निकाल द्यायचा. "लाल ले जाओ, लोहे का है. फर्श घिस जाएगा, रंग नहीं जाएगा."

माणसांचे कपडेही तो तसेच बघायचा. माझी बायको गेल्यावर महिन्याभराने म्हणाला, "बाबूजी, कमीज पीली पड़ रही है." आणि निळीची पुडी हातात दिली.

कपडे तीच धुवायची. मी गाढवासारखी ती पुडी सरळ बादलीत ओतली. पांढऱ्या सदऱ्यावर निळे डाग पडले.

तसाच दुकानात गेलो. तो हसला नाही. "उतारिए," म्हणाला. मी बनियनवर बसलो. त्याने लिंबू कापून एकेका डागावर पिळलं. कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि डाग विरत गेले. "नीला बस खटाई से डरता है."

खिशाखालच्या डागाशी त्याचा हात आला, तसं मी त्याचं मनगट धरलं. "वो रहने दो. वो उसका है." तो डाग जुना, नीळ देताना तिच्या हातून पडला होता, आणि मी तिला चारचौघांत झापलं होतं.

त्याने लिंबू खाली ठेवलं. तेवढाच डाग उन्हात धरून पाहिला. "धूप में नहीं उड़ेगा."

तेव्हापासून तो सदरा अंगात असला की मी वरणावर लिंबू पिळत नाही.