हंडे खाली ठेवा

आमच्या रेमंड भावोजींना सगळं नंदाखाल गाव 'मागे व्हा' म्हणून ओळखतं. तोंडावर नाही हां, पाठीमागे. तोंडावर म्हणणारी मी एकटी. मी रेजिना, त्यांच्या बायकोची, हिल्डाची, धाकटी बहीण. आमची दोघींची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त केळींची एक रांग, मागे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. माझ्या जिभेला हाड नाही हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे लोकांचे कष्ट वाचतात.

भावोजींची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली. आता रिटायर झालेत, पण खोड काही रिटायर झाली नाही. गावच्या सणाला दारूकाम असलं की माणसं बँड ऐकतात, मिठाई खातात. आणि हा बाबा मैदानात दोन्ही हात पसरून उभा. "मागे व्हा! मागे व्हा!" एखादा फटाका फुटला नाही आणि कुणी बघायला वाकलं, की हे अंगावर धावून जायचे. "तो मेलेला नाही, झोपलाय. हात लावू नको. लांबून पाणी मार आणि पडू दे तिथंच." पोरं पाठीमागून नक्कल करायची. हिल्डाच्या लग्नात करवल्यांनी फुलबाज्या पेटवल्या, तर नवरामुलगा सुटाबुटात पाण्याची बादली शोधत फिरत होता! मी तेव्हाच हिल्डाला म्हटलं होतं, बाई गं, तुला नवरा नाही, बंब मिळाला.

एकदा मात्र मी विचारलं होतं त्यांना, एवढं काय भ्यायचं फटाक्यांना म्हणून. तेव्हा हसले नाहीत. चिंचोटीच्या बाजूला कुणी फटाके साठवलेली एक शेड पेटली होती, हे पहिल्या गाडीवर होते. शेडमधली सगळी माणसं बाहेर आली होती, धडधाकट. मग त्यातलाच एक परत आत गेला. "खोकी वाचवायला गेला, रेजिना," म्हणाले. "खोकी." आणि माझ्याकडे पाठ करून चपला शोधायला लागले. मीही विषय बदलला.

तर गेल्या जानेवारीत त्यांच्या रिचेलचं लग्न होतं. एकुलती एक पोर. घराला आतून रंग काढायचा म्हणून हिल्डानं लग्नाचं सामान वाडीतल्या खोलीत हलवलं होतं. खोली म्हणजे काय, पत्र्याची शेड, वरून नारळाच्या झावळ्या टाकलेल्या. त्यात एक ट्रंक होती, आणि त्या ट्रंकेत आमच्या आईचं लाल लुगडं. आता तसं लुगडं विणणारंही कुणी उरलं नाही. आईनं ते हिल्डाला दिलं, थोरली म्हणून. चर्चला गाऊन आणि घरी आल्यावर रिचेलच्या अंगावर आजीचं लुगडं, हे हिल्डानं पोर पाळण्यात होती तेव्हापासून ठरवलेलं. महिनाभर तेच कानीकपाळी.

आणि फटाके? ते आमच्या ह्यांनी आणले, पीटरनं. माझा नवरा माणूस चांगला, पण हौसेला मोल नाही आणि अकलेला ठिकाणा नाही. भावोजींनी बजावलं होतं, फटाके घरापासून लांब, उघड्यावर, लोखंडी पेटीत ठेव, वर काही सुकं नको. ह्यांना वाटलं, रात्री दव पडतं, दारू सादळेल, ऐन लग्नात फुसका बार निघाला तर पाहुण्यांत शोभा. म्हणून दुपारी गुपचूप सगळी खोकी त्याच शेडमध्ये नेऊन ठेवली. सुक्या झावळ्यांखाली. ट्रंकेला खेटून. काय बोलायचं?

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात उंबराचं पाणी आणतात. बायका नटूनथटून, बँड लावून विहिरीवर जातात, विहिरीला पैसा वाहतात, पाणी भरतात आणि वाजतगाजत आणतात. त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. नवरीची कळशी तिची आई घेते, आणि घरात शिरेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. ऊन उतरताना आम्ही निघालो. हिल्डाच्या कमरेवर ती कळशी, वर उंबराची डहाळी. आम्हा बाकीच्यांच्या डोक्यावर हंडे. परतताना बँडवाल्यांना असा काही चेव आला होता की मीसुद्धा हंडा सांभाळत नाचले.

आम्ही फाटकातून आत येतोय, तोच पीटरनं स्वागताला बाण लावला. बाटलीत. बाटली कलंडली. बाण वर जायचा तो आडवा सुटला आणि सरळ शेडच्या झावळ्यांत घुसला.

एका क्षणात भडका उडाला. बँड थांबला. आणि हे, माझे हे, "खोकी! आत खोकी आहेत!" असं ओरडत शेडमध्येच शिरले. देवा रे! भावोजी कुठून आले कळलं नाही. दारातून हात घालून त्यांनी पीटरची कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसं बाहेर ओढलं. ह्यांचा उजवा हात पार कोपरापर्यंत भाजला होता.

"आत अजून कोण आहे?" भावोजींनी विचारलं.

"कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की. पण फटाके... सगळे तिथंच आहेत."

भावोजींच्या तोंडावर राग आलेला मी पाहिला, आणि तो गिळलेलाही पाहिला. त्यांनी दोन्ही हात पसरले. तेच ते. "मागे व्हा! घराच्या पलीकडे, बावखलाच्या बाजूला! धूर इकडे येतोय, त्याच्यात थांबू नका!"

आता आमच्या आळीची रीत काय? कुणाच्या घराला आग लागली की आळी धावते. हातात कळशी असो, बादली असो, तांब्या असो, धावायचं. आणि त्या दिवशी तर आम्ही सगळ्या पाण्यानं भरलेले हंडे घेऊनच उभ्या! समोर जळतंय, डोक्यावर पाणी आहे, आणि हा माणूस म्हणतो मागे व्हा. सालोमी, आमची शेजारीण, तर निघालीच होती पुढं.

"हंडे खाली ठेवा!" भावोजी ओरडले. "ही चुलीतली आग नाही. हंडा ओतायला तुला दारात जावं लागेल, सालोमी, आणि दारात गेलेलीला मी परत आणू शकणार नाही. जळू दे ते!"

सालोमी थांबली. हिल्डा नाही थांबली. कळशी कमरेवर तशीच घेऊन ती शेडकडे चालू लागली. भावोजी आडवे आले.

"बाजूला व्हा. आईचं लुगडं आहे आत."

"माहीत आहे मला."

"दाराशीच आहे ट्रंक. एवढीशी तर आग आहे!"

"हिल्डा, नाही."

मग माझी बहीण जे बोलली ते सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. "जन्मभर लोकांच्या घरात घुसलात. स्वतःच्या पोरीची वेळ आली तर शेपूट घातलीत?"

भावोजींनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि मागे ढकलत, अक्षरशः ढकलत, घराच्या भिंतीमागे आणलं. आम्ही बाकीच्याही हंडे घेऊनच त्यांच्यामागे गेलो. रिचेल रडत होती. एका हातानं हिल्डाला धरून ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी फोन लावला. फटाके आहेत, गॅस नाही, आत माणूस नाही, हे आधी सांगितलं आणि मग पत्ता. बँडवाल्यांना रस्त्यातल्या स्कूटर हलवायला पाठवलं, बंबाला वाट हवी म्हणून. घराचा मेन स्विच बंद केला, कारण शेडला वायर घरातूनच गेली होती.

आणि मग झालं. आधी लवंगी फुटावी तसं तडतड, आणि मग एकदम असा दणका की बावखलातलं पाणी हललं. शेडचा पत्रा उडाला आणि फाटकाच्या आतल्या जागेत येऊन आदळला. म्हणजे बघा, सालोमी जिथं उभी होती तिथं. मी उभी होते तिथंच. त्यानंतर बराच वेळ ते मेलं शेडमध्ये फुटत राहिलं.

भावोजी मात्र वळून पीटरकडे गेले. कुणीतरी टूथपेस्ट आणली होती, ती हिसकावून फेकली. ह्यांची अंगठी काढली. शर्टाची बाही कातडीला चिकटली होती, ती ओढू दिली नाही. "पाणी ओता हातावर. हळूहळू, थांबू नका. बर्फ नको." आता पाणी कुठलं? टाकी दिवसभराच्या धुण्याभांड्यांत रिकामी, पंप बंद, बावखलाचं पाणी जखमेवर चालायचं नाही. होतं ते उंबराचं पाणी. रिचेलचं.

सालोमीनं पहिला हंडा ओतला, काही न विचारता. मग माझा. मग एकीनंतर एक. पीटर ओठ चावत होते. भावोजी म्हणत होते, अजून, अजून. पाणी गार वाटलं म्हणून थांबायचं नाही, आतली धग निघायला वेळ लागतो. आणि मग हंडे संपले. राहिली एकच कळशी, हिल्डाच्या कमरेवरची.

ती अजून टेकली नव्हती जमिनीला. एवढ्या गोंधळात, धक्काबुक्कीत, दणक्यात, तिनं ती धरून ठेवली होती. कुणाची मागायची हिंमत झाली नाही. माझी तर नाहीच. कुठल्या तोंडानं मागू? लुगडं जाळलं माझ्या नवऱ्यानं, आता पाणीही द्या म्हणू?

हिल्डानं माझ्याकडे पाहिलं. मग रिचेलकडे. रिचेलनं हो म्हणून मान हलवली. हिल्डा ह्यांच्यासमोर खाली बसली, उंबराची डहाळी काढून पदरात ठेवली आणि कळशी वाकवली. धार अगदी बारीक धरली, लहान मुलाला न्हाऊ घालावं तशी.

"मेल्या," ती पीटरला म्हणाली, आणि रडली. मीही रडले. काय लपवायचं?

विरारच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, व्रण राहतील, पण बोटं चालतील. इकडे बंब येऊन शेड विझवून गेला होता. पण हिल्डाला राखेत हात घालून बघायचं होतं, एखादा तुकडा तरी मिळेल म्हणून. भावोजींनी दोरी बांधून वाट अडवली. "उद्यापर्यंत नाही. अजून झोपलेले असतील त्यात." ती भांडली नाही. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा दोघं मागच्या पायरीवर बसली होती. मला चहा हवा होता म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि दार उघडंच होतं, तर ऐकू आलं ते आलं.

"तुम्ही धरलं नसतं तर मी गेले असते आत," हिल्डा म्हणाली.

"माहीत आहे."

"मग काय केलं असतं तुम्ही? बाहेर उभं राहून हात पसरले असते?"

भावोजी म्हणाले, "तुझ्या मागे आलो असतो. तिथं काही नियम चालला नसता माझा." खाकरले. "म्हणून तर एवढा ओरडत होतो. रिचेलचं उद्या लग्न आहे, हिल्डा. तिला आई-बाप दोघं हवेत."

दुसऱ्या दिवशी रिचेलनं टँकरच्या पाण्यानं आंघोळ केली. घरी आल्यावर गाऊनवरच बसली, खांद्यावर कालची उंबराची डहाळी टाचून. आणि वरातीत कुणीतरी शहाण्यानं खिशातून फटाक्यांची माळ काढली, तेव्हा भावोजी दारात पाहुण्यांना पाणी देत होते, त्यांना दिसलीच नाही. हिल्डाला दिसली. नवी साडी, डोक्यात गजरा, तशीच ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

ह्या वेळी मी हसले नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.